सूपभर कोंडा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. एम.ए. मानसशास्त्र, दूरशिक्षण, दुसरं वर्ष. प्रकल्पासाठी रोज नोंदी ठेवा असं मार्गदर्शक विहंग सरांनी सांगितलं. सर एकोणतीस वर्षांचे आहेत, मी बासष्ट. पाटबंधारे विभागात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, तेव्हा नोंदी कशा ठेवायच्या हे मला सांगायची गरज नव्हती. पण मी मान हलवली.

विषय असा: साठीपुढची एक व्यक्ती घ्यायची आणि तिचं आयुष्य जन्मापासून आजवर दोन सिद्धांतांवर तपासायचं. एक मनोलैंगिक, पाच टप्प्यांचा. दुसरा मनोसामाजिक, आठ टप्प्यांचा. मांडणाऱ्यांची नावं परदेशी आहेत आणि माझ्या हातून दर वेळी वेगळी लिहिली जातात, म्हणून एकाला पाचवाले म्हणतो, दुसऱ्याला आठवाले.

पाचवाल्यांच्या मते बाळाचं सुख आधी तोंडात असतं, मग शी-शूच्या सवयीत, मग पुढे इतरत्र. आईनं दूध कसं तोडलं, सवय कशी लावली, यावर माणूस घडतो आणि सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळं ठरून जातं. म्हणजे फाईल तिथेच बंद, पुढे नुसती धूळ. आठवाले म्हणतात, फाईल मरेपर्यंत चालू. प्रत्येक वयाचं एक भांडण असतं. पहिलं, विश्वास की अविश्वास. शेवटचं, समाधान की निराशा. एखादं मागे राहिलेलं भांडण पुढे कधीतरी मिटवताही येतं.

व्यक्ती म्हणून मी स्वतःला घेतलं आहे. मी सहज उपलब्ध आहे.

बायकोनं, प्रेमिलानं, विषयाचं शीर्षक वाचलं. "या वयात हे वाचून राहिले तुम्ही? दार लावून वाचत जा," म्हणाली. ती परिचारिका होती, तिला कशाचंच काही वाटत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अश्विनचा कामठीहून फोन. धाकटा भाऊ. त्याची पुण्याला बदली झाली, एक डिसेंबरला हजर व्हायचं आहे. तिथे चौथा मजला, लिफ्ट नाही. आई चौऱ्याऐंशीची, तिला चार पायऱ्याही होत नाहीत. आजवर ती त्याच्याकडेच राहिली.

"दादा, एक तर तू ठेव, नाई तर काटोल रोडवरच्या वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली हाये मी. तीस तारखेपर्यंतच थांबतीन म्हणते ते लोक."

मी म्हणालो, पाहू.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला तिला ठेवायचं नाही. तिनं मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही, अश्विनला मात्र सातवीपर्यंत मांडीवर घेत होती. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव धम्मानंद. ते बाबांनी ठेवलं. पण ती मला आयुष्यभर धोंड्या म्हणत आली, लग्नातसुद्धा, माईकजवळ. वृद्धाश्रमातही माणसंच राहतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अडचण आली. पाचवाल्यांचे पहिले तीन टप्पे भरायला जन्मापासूनची माहिती लागते आणि ती फक्त आईकडे आहे. अश्विनला कळवलं की तिला दोन आठवडे पाठव, अभ्यासाचं काम आहे. पुढचं पुढे.

प्रेमिला म्हणाली, "माय कोणी माहितीसाठी बोलावते का?" मी म्हटलं, प्रकल्पाची मुदत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आई आली. एक पिशवी, एक काठी. मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही अकरा वर्षं राहतोय, ती आजवर दोनदा आली आणि दोन्ही वेळा संध्याकाळी परत गेली. आता हॉलमधल्या खुर्चीच्या अगदी काठावर बसली, जशी माणसं आमच्या ऑफिसात साहेबांची वाट पाहत बसायची. नीट टेकून बस म्हटलं तर म्हणाली, "ठीक हाये."

१० नोव्हेंबर, सोमवार

माहिती संकलन, दिवस पहिला. प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी:

"दूध कधी तोडलं?"

"कोनाचं?"

"माझं."

"काहून गा? आता पायजे का?"

स्वयंपाकघरातून प्रेमिलाच्या हसण्याचा आवाज. मी प्रश्न पुन्हा वाचला.

"दोन वर्साचा होतास. आपूनच सोडलंस. कडुनिंब लावा लागला नाई का काई नाई."

"शी-शूची सवय कशी लावली? रागावून की प्रेमानं?"

"अंगनात बसत सगळे पोरं. मी कायले रागावू? तुले तं हमीदाबी बसवे."

हमीदाबी म्हणजे कामठीची आमची शेजारीण. विणकराचं घर, भिंतीला भिंत. शेरा: माहिती अपुरी. माता जबाबदारी शेजाऱ्यांवर ढकलते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज आठवाल्यांचा पहिला टप्पा घेतला, विश्वास विरुद्ध अविश्वास. अविश्वासाच्या बाजूचे पुरावे भराभर सुचले. कागद पुरेना.

एक. मी जेवायला बसलो की ती पाठ करून बसायची. अश्विनच्या ताटात मात्र वाकून वाकून पाहायची.

दोन. मी नऊ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला. तिनं मला चादरीत गुंडाळून हमीदाबीच्या घरी नेऊन ठेवलं. एकवीस दिवस मी तिथल्या बाजेवर पडून होतो. आई एकदाही आत आली नाही. हातमागाचा आवाज अजून कानात आहे.

तीन. मॅट्रिकला कामठीतल्या आमच्या शाळेत पहिला आलो. बाबांनी पेढे वाटले. ती म्हणाली, "असन." म्हणजे, असेल.

उलट हमीदाबी दर ईदला मला नवे कपडे शिवायची. फक्त मला, अश्विनला नाही. परकी बाई करते आणि सख्खी करत नाही, याला काय म्हणायचं? माझ्या मते हा टप्पा स्पष्ट आहे. अविश्वास.

लिहून झाल्यावर बरं वाटेल अशी अपेक्षा होती. वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईनं वांग्याची भाजी केली. प्रेमिलानं करू दिली. चांगली होती. नोंदीचं विशेष कारण नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

टायफॉइडचं विचारलं. सरळच विचारलं, मला शेजारी का टाकलं होतंस?

आई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "टाकलं नाई. तिच्या घरी नेलं. तिचंच तं लेकरू होतं तू."

मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. शेरा: स्मृतिभ्रंशाची सुरुवात? डॉक्टरांना दाखवणे.

प्रेमिलाला सांगितलं. म्हणाली, "अहो, तिची याददाश्त माह्यापेक्षा पक्की हाये. तुमाले तुमच्या साळ्याचा वाढदिवस आठवते का? तिले आठवते."

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठलो तर आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. काठी वर आडवी. म्हणाली, "अश्विनले फोन लाव. आश्रमात सोडून दे म्हना. दोन हप्ते झाले."

खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी कुठल्या तोंडानं सांगू, हा प्रश्न तिनंच सोडवला होता. पण मला राग आला. मी तिला ठेवायचं नाही असं ठरवणं वेगळं आणि तिनं माझ्याकडे राहायचं नाही असं ठरवणं वेगळं. पहिल्यात मी वरचढ असतो.

प्रेमिलानं पिशवी उचलून आत नेली आणि आईला घेऊन गॅलरीत बसली. दोन तास काय बोलत होत्या कोण जाणे. मी आठवाल्यांचा चौथा टप्पा वाचत होतो, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. एकच पान चार वेळा वाचलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रेमिलानं सांगितलं. मग मी आईला विचारलं. मग आई बोलली. क्रमानं लिहितो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

माझ्याआधी तीन मुलं झाली होती. मला दोन माहीत होती. पहिलं सहा दिवसांचं गेलं, दुसरं चार महिन्यांचं. तिसरी मुलगी होती, दीड वर्षाची, गोवरात गेली. चालायला लागली होती.

मग मी. बाराव्या दिवशी बाबा गिरणीत दुसऱ्या पाळीला गेल्यावर आईनं मला सुपात घातलं, मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि परत फिरली. ठरल्याप्रमाणे हमीदाबीनं मला उचललं. बदल्यात सूपभर कोंडा दिला. आईनं तो मोजून घेतला आणि म्हशीला घातला. सौदा झाला. पोर त्यांचं. आईच्या नावावर जी मुलं जगत नव्हती, त्यात हे पोर आता नव्हतं. दूध पाजायला ती मला हमीदाबीकडून मागून आणायची आणि पाजून परत नेऊन द्यायची. बाबा घरी असले की मी घरी, पाळीला गेले की तिकडे, असं सहा महिने. पुढे मी घरीच वाढलो, पण सौद्यानं हमीदाबीचाच. नाव धोंड्या, म्हणजे दगड. दगडाला कोण नेतं?

मी ऐकून घेतलं आणि मग मी जे बोललो त्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, "बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरातले देव कन्हान नदीत सोडून आले होते. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या होत्या. त्याच घरात सात वर्षांनी तू हे केलंस?" मी विहाराच्या वाचनालयाचा सचिव आहे, बोलणं सवयीनं भाषणासारखं होतं.

"मले समजत होतं का हे खोटं हाये," आई म्हणाली. "तुह्या बापापेक्षा मी काई कमी बौद्ध नव्हती. पन तीन गेले होते, गा."

मी म्हणालो, "तरी ही अंधश्रद्धाच."

"हो. अंधश्रद्धाच हाये. पन तू जिता हायेस ना?"

मी पाचवाले उघडले, आठवाले उघडले, हा प्रश्न दोघांच्याही यादीत नव्हता.

मग तिनं पिशवीचं सांगितलं. हमीदाबीला जाऊन तीस वर्षं झाली, पण सौदा कोणी मोडला नव्हता. "इकलेल्या लेकराच्या घरी माय म्हनून कशी राहू? मी हक्क सांगतला अन् तुले काई झालं तं? बासट वर्सं दूर राहली मी. आता दोन वर्सासाठी कायले घाण करू?"

ताटाकडे पाठ, टायफॉइड, "असन". कागदावर मी पुरावे एका बाजूला मांडले होते.

मला रडू आलं. बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून ठेवला. प्रेमिलानं बाहेरून सांगितलं की टाकी खाली होऊन राहिली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस राहिले. आईची पिशवी पुन्हा दाराशी. ती बोलून मोकळी झाली, पण निर्णय बदललेला नाही. मी तिला दोन सत्रांत कार्यकारणभाव समजावला: गोवर, देवी, लसीकरण, कामठीत तेव्हा दवाखाना कुठे होता. तिला सगळं पटलं. "बरोबर हाये तुहं," म्हणाली आणि जायची तारीख विचारली.

प्रेमिला म्हणाली, "समजावून नाई होणार. परत इकत घ्या तुमाले."

मी म्हणालो, म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालायचं? मी सचिव असून?

"मंग आश्रमाले फोन करा. नंबर देऊ?"

मी फोन केला नाही. संध्याकाळी विहंग सरांना विचारलं, पहिल्या टप्प्याचं काम राहिलं असेल तर बासष्टाव्या वर्षी ते करता येतं का. सर म्हणाले, "पाच टप्प्यांच्या सिद्धांतात अवघड आहे. आठच्या सिद्धांतात शक्यता मान्य आहे, पण काका, त्यासाठी प्रत्यक्ष अनुभव लागतो, नुसतं समजून चालत नाही." प्रेमिला हेच बोलली होती आणि तिनं कोणतीही फी भरलेली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कामठीला गेलो. मी, आई, प्रेमिला. हमीदाबीची मुलगी शमीम आपा अजून त्याच घरात आहे. सत्तरीची. हातमाग गेला, आता मुलाचे दोन पॉवरलूम आहेत, पण रविवारी वीज नव्हती म्हणून बोलणं ऐकू आलं.

कोंडा आणायला मी विसरलो होतो. प्रेमिला विसरली नव्हती. तिनं पिशवीतून गव्हाच्या कोंड्याचं पाकीट काढलं. माझ्या साखरेमुळे पोळीत घालायला आम्ही दुकानातून आणतो ते, अर्धा किलो, न फोडलेलं. सूप नव्हतं. शमीम आपांच्या घरी स्टीलची परात होती.

मला वाटलं होतं सगळं समजावून सांगावं लागेल. शमीम आपांनी आईला दारात पाहिलं, परात पाहिली आणि म्हणाल्या, "आ गईं लेने? अम्मी जाते जाते बोल के गई थीं, चाची एक दिन आएंगी, भाव मत खाना."

सौद्याच्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या. कोंड्याचं सूप त्यांनीच धरलं होतं.

पण भाव त्यांनी खाल्लाच. पाकीट हातात घेऊन त्यावरची तारीख वाचली. "इत्ते में? सरकारी पेन्शनवाला लड़का है. चश्मा है, घुटना ख़राब है, फिर भी."

"गुडघा पहिलेपासूनच खराब हाये त्याचा," आई म्हणाली. "सायकलवरून पडला होता, चौथीत."

मला वाटत होतं हे कोणालाच माहीत नाही. मी तेव्हा घरी सांगितलं नव्हतं.

पाकीट परातीत ओतलं. शमीम आपांनी परात उचलून बाजूला ठेवली, मग माझं मनगट धरून आईच्या हातात दिलं. "ले जाओ चाची. बासठ साल रखा, एक खरोंच नहीं आने दी." आणि त्या रडायला लागल्या, जे सौद्यात नव्हतं. आई रडली नाही. तिनं मनगट धरलं ते धरलंच. ऑटोत धरलं, मेट्रोत धरलं. मेट्रोत एका मुलीनं आम्हाला जागा दिली आणि विचारलं, आजोबांना बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे.

हे सगळं अशास्त्रीय आहे. तशी नोंद करून ठेवतो.

१ डिसेंबर, सोमवार

अश्विन पुण्याला गेला. वृद्धाश्रमाला मीच फोन करून कळवलं की जागा नको. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं, फॉर्मवर लिहावं लागतं म्हणाल्या. मी सांगितलं, मुलाकडे राहणार. त्यांनी विचारलं, कोणत्या? मी म्हटलं, मोठ्या.

आई आज खुर्चीत टेकून बसली. पण नवीनच त्रास सुरू झाला आहे. दुधाला निघालो तर "कुठी चालला?" केस कापायला निघालो तर "किती येळ लागन?" स्कूटरची किल्ली तिनं तांदळाच्या डब्यात ठेवली होती, प्रेमिलाला सापडली. मी म्हणालो, आई, मी बासष्ट वर्षं स्वतःच्या जबाबदारीवर फिरतोय.

"तवा तू माहा नव्हतास," ती म्हणाली. "आता मले भेव लागते."

८ डिसेंबर, सोमवार

तोंडी परीक्षा. अभ्यासकेंद्र वाडीला, अमरावती रोडवर, म्हणजे पूर्ण रस्ताभर गोदामं आणि ट्रक. आईला हे अश्विननं फोनवर सांगून ठेवलं. स्कूटर मिळाली नाही, बसनं गेलो.

विहंग सर आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम. मॅडमनी प्रकल्प चाळला. म्हणाल्या, "तुलना चांगली आहे. पाच टप्प्यांचा सिद्धांत आईला सगळ्याचं कारण धरतो, पण आईच्या बाजूनं विचार करत नाही, हा तुमचा मुद्दा मला आवडला. आठ टप्प्यांत आई स्वतः शेवटच्या टप्प्यावर असते हेही बरोबर. पण पहिल्या टप्प्यासमोरचा रकाना कोरा आहे. विश्वास की अविश्वास? साठ गुणांचा प्रकल्प आहे, रकाना कोरा कसा चालेल?"

मी म्हणालो, आधी भरला होता, मग खोडला.

"का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंद करायचा राहिला होता. पडद्यावर घरचा नंबर. माफी मागून उचलला. प्रेमिलानं लावून दिला असणार, पण आवाज आईचा. फोनवर बोलताना ती ओरडते, म्हणून दोघांनाही ऐकू गेलं.

"पोहोचला का गा?"

"पोहोचलो, आई."

"नीट पोहोचला?"

"नीट पोहोचलो."

"बरं. मंग कर तुहं काम."

तिला फोन बंद करता येत नाही. तिनं तो तसाच कुठेतरी ठेवला, बहुधा ओट्यावर, कारण कुकरची शिटी ऐकू आली आणि मग तिचं प्रेमिलाला सांगणं, की पोहोचला तो.

मीही बंद केला नाही. फोन टेबलावर ठेवला आणि मॅडमना म्हणालो, विचारा. परीक्षा सतरा मिनिटं चालली. कॉल एकोणीस मिनिटांचा दिसतो.